भेग दिसली कुणाला?

११ मे २०२१. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात मिसिसिपी नदीवरच्या हर्नांडो डी सोटो पुलाची नेहमीची तपासणी चालू होती. १९७३ साली खुला झालेला हा पोलादी कमानींचा पूल टेनेसी आणि आर्कान्सा या दोन राज्यांना जोडतो. आंतरराज्य महामार्ग क्रमांक ४० त्यावरून जातो आणि दिवसाकाठी चाळीस हजारांच्या आसपास वाहने धावतात. तपासणी करणारा माणूस कमानीच्या तळाशी असलेल्या पोलादी तुळईजवळ पोहोचला, तेव्हा ती तुळई जवळजवळ आरपार तडकलेली त्याला दिसली. त्याने थेट ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावला आणि पुलावरची वाहतूक ताबडतोब थांबवायला सांगितले.

तो घाबरला यात नवल नव्हते. अशा पुलात कमानीची दोन टोके वजनामुळे बाहेर सरकू पाहतात, आणि त्यांना आत ओढून धरण्याचे काम ही आडवी तुळई करते. कमान म्हणजे धनुष्य आणि तुळई म्हणजे त्याची दोरी. दोरी तुटली तर कमानीला आकार धरता येत नाही. पूल बंद झाला, त्याखालची बोटींची वाहतूकही तीन दिवस थांबली आणि सगळ्या मार्गिका पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. पुढच्या शोधात कळले की दोषाचे मूळ पुलाच्या मूळ बांधणीतल्या वेल्डिंगमध्येच होते.

पण मला या घटनेतला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पूल बंद झाल्यानंतर जुने दप्तर उघडले गेले, आणि मे २०१९ मध्ये एका सल्लागार कंपनीने तपासणीच्या वेळी घेतलेले ड्रोनचे चित्रण सापडले. त्यात तीच तुळई होती आणि तिच्यावर तीच भेग दिसत होती. त्याही मागे, ऑगस्ट २०१६ मध्ये नदीत होडी वल्हवणाऱ्या एका नागरिकाने काढलेल्या छायाचित्रातही भेगेची खूण असल्याचे लक्षात आले. म्हणजे ड्रोनने आपले काम दोन वर्षे आधीच केले होते. ते चित्रण संगणकात पडून राहिले आणि त्या दोन वर्षांत कोट्यवधी वेळा वाहने त्या तुळईवरून गेली. आर्कान्साच्या वाहतूक विभागाने आधीच्या तपासण्या करणाऱ्या निरीक्षकाला नोकरीवरून काढले. त्याने प्रश्न सुटला असे मात्र म्हणता येत नाही, कारण प्रश्न एका माणसाचा नव्हता. ते चित्रण कुणी, कधी, किती बारकाईने पाहायचे आणि कुणाला कळवायचे, याची सक्तीची व्यवस्थाच नव्हती.

महामार्गांच्या देखभालीसाठी छोटे ड्रोन वापरण्याचा उत्साह आपल्याकडेही आहे, आणि तो असायला हवा. म्हणूनच ही यंत्रे नेमके काय पाहू शकतात आणि कुठे कमी पडतात, हे नीट समजून घ्यायला हवे.

आधी गरज कशासाठी, ते पाहू. पुलाची पाहणी ही आजवर धोक्याची आणि खोळंब्याची गोष्ट राहिली आहे. पुलाच्या पोटाशी जायचे तर शिड्या, दोर, पाळणे लागतात, नाहीतर घडीचा लांब हात असलेली खास गाडी पुलावर उभी करून तिचा हात कठड्यावरून खाली वळवावा लागतो. त्यासाठी एक मार्गिका बंद करावी लागते. धावत्या महामार्गावर मार्गिका बंद करणे म्हणजे कामगारांना आणि वाहनचालकांना दोघांनाही धोक्यात घालणे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. राष्ट्रीय महामार्ग एकूण रस्त्यांच्या लांबीच्या जेमतेम दोन टक्के आहेत, पण मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के त्यांच्यावर झाले. अशा रस्त्यावर पिवळे जॅकेट घालून उभ्या असलेल्या माणसाचा वेळ जितका कमी करता येईल तितका करावा. ड्रोनच्या बाजूने माझ्या मते हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. पैसे वाचतात हा त्यानंतरचा.

पैसेही वाचतात, हे मिनेसोटाने दाखवले. त्या राज्यात १ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिस शहरातला महामार्ग क्रमांक ३५ डब्ल्यूचा पूल गर्दीच्या वेळी कोसळला आणि १३ माणसे गेली. पुलांच्या तपासणीबद्दल तिथला वाहतूक विभाग तेव्हापासून विशेष जागरूक आहे. २०१५ पासून त्यांनी ड्रोनने पूल तपासण्याचे प्रयोग टप्प्याटप्प्याने केले. आधी चार पूल घेतले, मग मोठे आणि अवघड. त्यांच्या हिशेबानुसार योग्य पूल निवडला तर खर्चात सरासरी ४० टक्के बचत होते. ‘योग्य पूल निवडला तर’ हे शब्द मात्र सोडून चालणार नाहीत.

आता ड्रोनला दिसते किती? हे साधे गणित आहे आणि ते प्रत्येक निविदा लिहिणाऱ्याने करायला हवे. एक इंची सेन्सर आणि २० मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेला सर्वसाधारण ड्रोन घ्या. तो पृष्ठभागापासून १०० मीटरवर असेल, तर चित्राचा एक ठिपका जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर जागा दाखवतो. ३० मीटरवर हे माप ८ मिलिमीटरवर येते आणि ५ मीटरवर सुमारे १.४ मिलिमीटरवर. काँक्रीटच्या पुलात साधारण ०.३ मिलिमीटर रुंदीपासूनच्या भेगेकडे अभियंते गंभीरपणे पाहतात, कारण तिथून पाणी आत शिरून सळई गंजवू लागते. ती भेग खात्रीने टिपायची तर हाच कॅमेरा मीटरभर अंतरापर्यंत न्यावा लागेल, किंवा दुरून जवळचे दाखवणारे लांब पल्ल्याचे भिंग बसवावे लागेल. डोक्यावरून शंभर मीटर उंचीवर एक सुंदर फेरी मारलेला व्हिडिओ बैठकीत दाखवायला छान असतो. त्यात बांधकामाची प्रगती कळते, साइडपट्टीवरचे अतिक्रमण कळते, कठडा तुटलेला कळतो. भेग कळत नाही. मेम्फिसची भेग दिसली, कारण ती तोवर फार मोठी झाली होती.

जवळ जाणे सोपे नसते. उघड्यावर ड्रोन स्वतःला उपग्रहांच्या संकेतांवर सावरतो. पुलाखाली शिरला की वरचा स्लॅब ते संकेत अडवतो आणि आजूबाजूचे पोलाद त्याच्या होकायंत्राला चकवते. दोन खांबांमधून वारा सुटतो तोही जोराने. साध्या ड्रोनचा कॅमेरा खाली पाहण्यासाठी असतो, तर पुलाचे पोट पाहायचे असते वर. म्हणून या कामासाठी वर वळणारा कॅमेरा आणि चहूबाजूंचे अडथळे ओळखणारे संवेदक असलेले ड्रोन लागतात. पोकळ गर्डरच्या आत किंवा अरुंद जागेत जायचे तर भोवती गोल जाळीचा पिंजरा असलेले ड्रोन मिळतात. ते भिंतीला आपटले तरी पाती शाबूत राहतात. मिनेसोटाने पुढच्या टप्प्यात असेच यंत्र वापरले. यंत्र कितीही हुशार असले तरी ते उडवणारा पुलाची रचना जाणणारा असावा, नाहीतर शेजारी तसा माणूस तरी हवा. बेअरिंग कुठे असते आणि त्याच्याभोवती काय शोधायचे, हे ज्याला माहीत नाही तो हजार छायाचित्रे काढेल आणि नेमके बेअरिंग सुटून जाईल.

उष्णता पाहणारा थर्मल कॅमेरा हे ड्रोनचे दुसरे मोठे बळ. काँक्रीटचा वरचा थर आतून सुटला की मध्ये हवेची पातळ पोकळी तयार होते. सकाळचे ऊन पडले की हा सुटलेला थर खालच्या काँक्रीटला उष्णता पोचवू शकत नाही, म्हणून तो भोवतालापेक्षा लवकर तापतो. फरक अर्ध्या अंशाचाही पुरतो आणि डोळ्याला निर्दोष दिसणाऱ्या स्लॅबवर डाग उमटतो. मात्र पृष्ठभाग ओला असेल, ढग असतील किंवा वेळ चुकली, तर काहीच दिसत नाही.

आणि काही गोष्टी ड्रोन करूच शकत नाही. अनुभवी तपासनीस हातोडीने काँक्रीट ठोकतो आणि आवाज भरीव की पोकळ ते ऐकतो. गंजाचा पापुद्रा खरवडून खाली किती पोलाद उरले ते मोजतो. ज्या एका घटकाच्या तुटण्याने पूल जाऊ शकतो, तो हाताच्या अंतरावरून तपासला पाहिजे, असा अमेरिकेचा नियम आहे. ड्रोन आला म्हणून त्यांनी तो नियम सैल केलेला नाही. शेवटी २०२१ मध्ये ती तुळई जवळून पाहणाऱ्या माणसानेच पूल थांबवला.

पाण्याखालीही हा ड्रोन आंधळा आहे, आणि आपल्याकडे हे विशेष लक्षात ठेवायला हवे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि एक खाजगी गाडी माणसांसकट वाहून गेली. त्यानंतर १६५ दिवसांत तिथे नवा पूल उभा राहिला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात देशभरातल्या पुलांची नोंद करणारी केंद्राची पूल व्यवस्थापन प्रणालीही सुरू झाली. पुराचे पाणी खांबाच्या पायाभोवतीची माती-वाळू उपसून नेते, आणि जगभर नदीवरचे पूल पडण्याचे हे एक मोठे कारण आहे. ही झीज पाहायला पाण्याची खोली मोजावी लागते, सोनार लावावा लागतो, पाणबुडे उतरवावे लागतात. ड्रोन फार तर उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या पायाची छायाचित्रे देईल, नदीने पात्र बदलले का आणि पुलाच्या आसपास वाळू उपसल्याचे खड्डे पडलेत का, ते दाखवेल. तेवढेही दरवर्षी मे महिन्यात पद्धतशीर झाले, तर पुष्कळ होईल.

आमच्या सह्याद्रीत मात्र ड्रोनने खरी कमाल करून दाखवावी अशी जागा पुलापेक्षाही घाटात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा, आणि त्याचा सगळ्यांत नाजूक तुकडा खालापूर ते खंडाळा. १९ जुलै २०१५ रोजी आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली, मोठाले दगड थेट गाड्यांवर आले आणि माणसे मेली. त्यानंतर सैल दगड पाडणे आणि डोंगराला पोलादी जाळ्या बसवणे ही कामे झाली. जुलै २०२३ मध्ये त्याच आडोशीच्या परिसरात पुन्हा दरड आली. सह्याद्रीचा कातळ लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा. थरांमध्ये कुठे कुठे तांबडा, मऊ, मातकट पट्टा असतो. वरच्या कातळाला उभ्या चिरा असतात. पावसाचे पाणी चिरेतून उतरते, मातकट पट्ट्यावर अडते, त्याला भिजवून मऊ करते आणि वरचा ठोकळा हळूहळू आधार सोडतो.

ही हालचाल रस्त्यावरून मान वर करून पाहिली तर दिसत नाही, आणि कड्यावर माणूस दोराने उतरवणे जिवावरचे असते. ड्रोन कड्यासमोर उभ्या रेषेत वर-खाली जात दर काही सेकंदांना छायाचित्र घेतो. प्रत्येक छायाचित्राचा ७० ते ८० टक्के भाग शेजारच्या छायाचित्राशी सामाईक ठेवतात. एकच दगड वेगवेगळ्या कोनांतून टिपला गेला की संगणक त्याची जागा अवकाशात मोजतो, आणि अशा लाखो बिंदूंपासून कड्याचे त्रिमितीय प्रतिरूप उभे राहते. जमिनीवर आधी मोजून ठेवलेल्या खुणांशी ते जुळवले, की यंदाचे प्रतिरूप गेल्या वर्षीच्या प्रतिरूपावर ठेवता येते. मग कुठला ठोकळा दहा सेंटिमीटर पुढे आला, कुठे जाळीच्या पोटात दगड साठून ती फुगली, कुठे कातळ नव्याने उघडा पडला, हे आकड्यांत कळते. डोंगराच्या माथ्यावर पाणी वळवण्यासाठी खणलेली चर गाळाने बुजली का, हेही. ती चर पाहायला वर चढून जाणारा विरळा, आणि दरडीची सुरुवात पुष्कळदा तिथल्या तुंबलेल्या पाण्यापासून होते.

पण वेळ साधायला हवी. पाऊस, धुके आणि घाटातला सोसाट्याचा वारा यांत छोटा ड्रोन उडत नाही. म्हणजे दरड पडण्याच्या ऐन दिवसांत तो बहुधा पेटीतच असतो. पावसानंतर गवत आणि झुडपे इतकी माजतात की कॅमेऱ्याला कातळाऐवजी पानेच दिसतात. पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचणारी लेझर मोजणी, म्हणजे लायडार, हा त्यावर उपाय आहे, पण ते उपकरण महाग आणि जड. त्यामुळे आपल्या घाटांसाठी एप्रिलचा महिना सोन्याचा. गवत वाळलेले, हवा कोरडी, आणि दोष सापडला तर पावसाआधी दुरुस्तीला महिना-दीड महिना हातात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काढलेले उत्कृष्ट चित्रण त्या वर्षी फारसे कामाचे नाही.

अपघातानंतरच्या कामातही ड्रोन जीव वाचवू शकतो, आणि याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. महामार्गावर मोठा अपघात झाला की पंचनामा होईपर्यंत गाड्या हलवता येत नाहीत. टेप धरून अंतरे मोजायची, टायरच्या खुणा टिपायच्या, नकाशा काढायचा. तोवर मागे रांग लागते आणि त्या रांगेच्या शेपटाला भरधाव येणारा ट्रक दुसरा अपघात करतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात २०१७ साली गस्ती पोलीस आणि वाहतूक विभागाने समोरासमोरच्या धडकेचा देखावा उभा करून दोन पद्धती ताडून पाहिल्या. जमिनीवर ठेवायच्या लेझर यंत्राला जागेची मोजणी करायला १ तास ५१ मिनिटे लागली. ड्रोनना २५ मिनिटे. आपल्याकडे अपघातांची नोंद मोबाइलवरून करणारी, आयआयटी मद्रासच्या साहाय्याने तयार झालेली केंद्रीय प्रणाली महाराष्ट्रातही वापरात आहे. तिला वरून घेतलेल्या मोजमापाची जोड मिळाली तर रस्ता लवकर मोकळा होईल. शिवाय वळणाचा उतार चुकला होता की फलक झाडाआड गेला होता, हे वर्षभरानंतरही तपासता येईल. पंचनाम्यात रस्त्याची बाजू फार वेळा लिहिलीच जात नाही आणि सगळा दोष चालकाच्या माथी जातो.

त्याच नॉर्थ कॅरोलायनात २०१८ साली फ्लोरेन्स वादळात महामार्ग पाण्याखाली गेले, तेव्हा वाहतूक विभागाच्या ड्रोन पथकांनी २६० हून अधिक उड्डाणे करून कुठला रस्ता तुटला ते दाखवले. कोकणात पुराच्या उघडिपीत हे तसेच करता येईल.

आपले नियम आता आडवे येत नाहीत. २०२१ च्या ऑगस्टमधल्या ड्रोन नियमांनी वजनाप्रमाणे गट पाडले: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत लहान. नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला आधी परवानगी लागत नाही. विमानतळ आणि लष्करी जागांजवळ लागते. लोणावळ्यात नौदलाची आयएनएस शिवाजी ही संस्था आहे, तेव्हा घाटात उड्डाणाआधी नकाशा पाहणे अपरिहार्य. ड्रोन सहसा उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहावा लागतो आणि बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास चालते. त्यामुळे शेकडो किलोमीटरचे खड्डे ड्रोनने मोजत बसणे मला व्यर्थ वाटते. ते काम लेझर बसवलेली सर्वेक्षण गाडी वाहतुकीच्या वेगाने जाता जाता जास्त अचूक करते. ड्रोन संशयाच्या जागेवर पाठवावा: कडा, पूल, मोरी, अपघाताचे वळण.

तो धावत्या गाड्यांच्या डोक्यावर तर कधीच नेऊ नये. एका किलोच्या आतला ड्रोन ३० मीटरवरून पडला, तर हवेचा रोध सोडता तो ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो, आणि समोरून शंभरच्या वेगाने येणाऱ्या गाडीच्या काचेला तो काय करेल हे सांगायला नको. रस्त्याच्या कडेने, साइडपट्टीच्या बाहेरून उडवायचे, ही शिस्त पाळलीच पाहिजे.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जून २०२१ मध्ये प्रकल्पांचे दर महिन्याला ड्रोन चित्रण सक्तीचे केले. बांधकामाच्याच नव्हे, देखभालीच्या काळातही. हे चित्रण प्राधिकरणाच्या डेटा लेक पोर्टलवर चढवायचे आणि आधीच्या महिन्याशी ताडून पाहायचे, असे ठरले. निर्णय चांगला आहे, आणि वादाच्या वेळी पुरावा म्हणूनही तो उपयोगी. मला काळजी आहे ती ताडून पाहण्याची. दर महिन्याला देशभरातून साठणारे हे तासन्‌तासांचे चित्रण पाहायला डोळे किती आहेत? संगणकाची कृत्रिम बुद्धी भेगा आणि खड्डे हेरायला शिकते आहे, पण ती सावलीला भेग समजते आणि भेगेला डाग. तिने हेरलेले पुन्हा माणसानेच तपासावे लागते.

म्हणून करारात काही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. दरवर्षी उड्डाण त्याच बिंदूंवरून, त्याच अंतरावरून व्हावे. एका ठिपक्यात किती मिलिमीटर दिसावे तो आकडा द्यावा. चित्रण मिळाल्यापासून ठरलेल्या दिवसांत अमुक अभियंत्याने ते पाहिले, ही नोंद त्याच्या नावानिशी आणि सहीनिशी असावी. सापडलेल्या प्रत्येक दोषापुढे दुरुस्तीची तारीख, आणि दुरुस्तीनंतर त्याच जागेचे नवे छायाचित्र. अहवालात ‘सर्व ठीक’ लिहायचे असेल, तर काय काय पाहून तसे लिहिले तेही लिहावे.

सार्वजनिक बांधकाम खात्यात पूर्वी रस्त्याच्या ठरावीक तुकड्याला मैलकुली असे. तो रोज तेवढाच रस्ता चालायचा, मोऱ्या साफ करायचा, कुठे पाणी मुरते आणि कुठला दगड सैल आहे ते मुकादमाला सांगायचा. त्या जागा बहुतेक ठिकाणी भरल्या जात नाहीत आणि निवृत्त झालेल्यांबरोबर ते ज्ञानही गेले. जे अजून आहेत, त्यांना ड्रोनची छायाचित्रे पडद्यावर मोठी करून दाखवावीत आणि त्यांच्याकडून त्यावर खुणा करून घ्याव्यात. कुठली मोरी दर पावसाळ्यात तुंबते, कुठल्या वळणावर रात्री डोंगरातून खडे घरंगळतात, हे त्यांना ठाऊक असते. पुढचे उड्डाण कुठून सुरू करायचे, हे ठरवताना पहिला प्रश्न त्यांना विचारावा.